तळाशी पांढरं काही

म्हसावद, ८ मार्च १९३९

राणी नाही. मधमाश्यांची पेटी आज पुन्हा उघडली — राणी नाही, अंडीही नाहीत. जुनी राणी शिवरात्रीला अर्ध्या माश्या घेऊन उडाली. मागे नवी निपजायला हवी होती. पेटी देणारे मास्तर सांगून गेलेत, पोळं उन्हाकडे तिरपं धरा, घरांच्या तळाशी दोऱ्याच्या तुकड्याएवढी पांढरी अंडी दिसली की राणी आहे. नसली तर उरलेल्या माश्या म्हाताऱ्या होऊन मरतील. पेटी संपली.

शाई फार फिकी. दुकानदार पाणी घालून विकतो की काय.

९ मार्च

दोनदा उघडली. आमच्या प्रेमचंदची आई म्हणाली, "खिचडी शिजनी का नही ते घडीघडी झाकन उघाडीसन देखतस का?" तिला काय कळतं. अंडी नाहीत.

१० मार्च

शेजारच्या रतिलालकडे गेलो. त्याची पेटी भरलेली आहे. माझ्या माश्या उद्या तीत मिसळायच्या, निदान जगतील तरी. तो म्हणाला, "आबा, पक्कं ना? तुम्हनी राणी असनी ते दोन्ही झुंजतीन, एक मरी."

पक्कं म्हणालो. जेवण गेलं नाही.

११ मार्च

रतिलाल आला. सून फुलवंता गोवरीचा धूर देत होती. ती माझ्यासमोर बोलत नाही, पदर गळ्यापर्यंत — माश्यांसाठी वेगळी जाळी नको तिला. मी पोळं झटकायला उचललं आणि पदराआडून आवाज आला, "आबा, थांबा. अंडा शेतस."

लग्नाला चार वर्षं झाली. माझ्याशी हा तिचा पहिला शब्द. ती पोळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हाई देखा. आनि हाई."

रतिलाल वाकला. "शेतस की! मंग चार दिन तुम्ही काय देखी ऱ्हायनात, आबा?"

मी पोळं उन्हात धरलं. तिच्या बोटाजवळ पाहिलं, मला नुसती घरंच दिसली. "हो हो, आहेत की," म्हणालो. हसलोही. पोळं जागेवर ठेवलं.

ती एक क्षण उशिरा बोलली असती तर माझ्याच हाताने राणी मेली असती.

१२ मार्च

पेटी आजपासून फुलवंता पाहील, असं घरात सांगितलं. कोणी कारण विचारलं नाही.

प्रेमचंदकडून दुसऱ्या दुकानातली शाई आणवली. तीही फिकीच.