उजेडाकडे पाठ

न्यूपोर्ट, वेल्स
२५ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जय ख्रिस्त.

मी सुखरूप पोहोचले हे तुमच्या लेकाने, ब्रायनने, सांगितलंच असेल. विमानतळावर तुम्ही पाटीवर लिहून दाखवलं होतंत की पत्र लिही, पत्रात मी पूर्वीसारखा बोलेन. म्हणून हा कागद. याचा फोटो काढून मी ब्रायनच्या मोबाइलवर पाठवते, तुमच्या पत्राचा फोटो त्याने मला पाठवावा. पोस्टाची वाट बघत बसले तर नाताळ उजाडेल.

गाव बरं आहे. नदीला समुद्राची भरती-ओहोटी आहे आणि ओहोटीला नायगावच्या खाडीसारखा चिखल उघडा पडतो. पहिल्या दिवशी तो पाहिला आणि पुलावरच रडू आलं. खोलीत केरळच्या दोन मुली आहेत. हॉस्पिटलमध्ये सध्या मला पूर्ण नर्स म्हणत नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटी इथली प्रात्यक्षिक परीक्षा आहे, ती पास झाले की नोंदणी आणि मग निळा गणवेश. तोवर रुग्णांना आंघोळ घालायची, कूस बदलायची, भरवायचं. पास झाले नाही तर परत यावं लागेल. हे आईला सांगू नका.

एक विचारायचं राहून गेलं. कॅन्सरमुळे तुमचा घसा काढल्यापासून तीन वर्षं गळ्यातली नळी रोज मीच साफ केली. कॉलेजात शिकायच्या आधी मी ते तुमच्यावर शिकले. मग निघायच्या आधीचा दीड महिना तुम्ही मला हातच का लावू दिला नाहीत? मी गरम पाणी घेऊन आले की तुम्ही माझा हात बाजूला करायचात आणि मोरीत जाऊन आतून कडी लावायचात. मी जाते म्हणून राग होता का? तसं असेल तर पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायचंत, मी थांबले असते.

नळी कोण साफ करतं ते कळवा. ब्रायनला मी शिकवलंय, पण तो बोटीवर गेला की दोन-दोन दिवस घरी नसतो.

आईला आणि आत्याला माझी आठवण सांगा. माझ्यावरची माया अंतरानं आटू देऊ नका.

तुमची,
क्रिस्टिना

---

पाचूबंदर, वसई
१२ सप्टेंबर २०२४

चि. क्रिस्टिनास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ब्रायनने मोबाइलवर मोठं करून दाखवलं, तरी मी चष्मा लावून तीनदा वाचलं. तुझ्या आईने मला मध्येच थांबवून पुन्हा पुन्हा पाटीवर लिहायला लावलं की पोरगी काय जेवते. ते तू लिहिलंच नव्हतंस, मग मी माझ्या मनाचं लिहून दिलं. आता तू रोज भात आणि मासळी जेवतेस. विचारलं तर तेच सांग, आपलं बोलणं जुळू दे.

राग कसला, वेडे? ज्या बेनेडिक्टच्या एका हाकेवर बंदरावर पापलेटाचा भाव चढायचा, त्याला राग आला असता तर गळ्याला भोक असतानाही गावाला ऐकू गेला असता. तुझी सवय मोडावी म्हणून हात लावू दिला नाही. तू तिकडे गेल्यावर रोज वेळ झाली की तुझा जीव इकडे ओढला असता. आता मी स्वतःच करतो, दाढीचा आरसा समोर ठेवून. वर पांढरा रुमाल बांधतो. गाव म्हणतं, बेनेडिक्ट साहेब झाला.

हंगाम चांगला चाललाय. घोळ मासळी मिळाली, बोंबील भरपूर. मात्र गेल्या शनिवारी आपले गॅब्रिएल आजोबा गेले. रिवाजाप्रमाणे त्या दिवशी गावातली एकही बोट समुद्रावर गेली नाही. जॉयलची नवी बोट पाण्यात उतरून चारच दिवस झाले होते. पोराचा चेहरा उतरला, पण त्यानेही इंजिन चालू केलं नाही. सगळ्या बोटी एका रांगेत उभ्या पाहून बरं वाटलं. आजोबांची पाठवणी नीट झाली असं वाटलं.

परीक्षेचं मनावर घे. तू पास झालीस की मला फोन करू नकोस, फोनवर मी काय करणार, मान हलवणार. पत्र लिही. ते ब्रायनला बंदरावर उभं राहून मोठ्याने वाचायला लावीन, लिलावाच्या वेळी, सगळे जमतात तेव्हा.

परत यायचं मनातही आणू नकोस. तुझ्या आईचा नमस्कार नाही, आशीर्वाद; ती सांगते तसं लिहिलं. आमची आठवण धर, पण ती धरून बसू नकोस.

तुझे,
बाबा

---

न्यूपोर्ट
६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुमचं पत्र उशीखाली आहे, म्हणजे मोबाइल उशीखाली आहे. केरळची मुलगी विचारते, कुणाचं? मी सांगते, आहे एक साहेब, पांढरा रुमालवाला.

आता भांडायचं आहे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही दरवेळी दाराकडे पाठ करून का बसता? मागून उजेड येतो आणि तुमचा चेहरा काळा दिसतो. मी दोनदा सांगितलं की खिडकीशी बसा, तुम्ही दोनदा मान हलवलीत आणि तिथेच बसलात. गेल्या रविवारी वाकलात तेव्हा गळ्याची हाडं दिसली. जेवत नाही का? आईला विचारलं तर ती म्हणाली गॅसवर काहीतरी उतू जातंय, आणि उठून गेली. आपल्या घरात इतकं काय उतू जातं?

माझ्या वॉर्डात तुमच्यासारखेच गळ्यात नळी असलेले एक म्हातारबाबा आहेत. पूर्वी ते बंदरावर क्रेन चालवायचे. ते इथल्या नर्सलाही नळीला हात लावू द्यायचे नाहीत. मी तुमच्याशी बोलायचे तशी मराठीत बोलत राहिले आणि नळी साफ करून टाकली, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. वॉर्डाच्या मुख्य सिस्टरने विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरी. बाबा, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे टिकेन. आणि त्याच रात्री वाटलं की मी चुकीच्या माणसाची नळी साफ करतेय.

परीक्षा २९ तारखेला आहे. रोझरीच्या प्रार्थनेत माझं नाव घ्या. पुढच्या रविवारी खिडकीशी बसा, नाहीतर मी ब्रायनला खुर्ची उचलायला सांगेन. तुमच्या हातच्या चार ओळींची वाट बघते.

तुमची हट्टी,
क्रिस्टिना

---

पाचूबंदर, वसई
१८ ऑक्टोबर २०२४

चि. क्रिस्टिनास,
तुझ्या व्हेरोनिका आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र माझ्या हातचे पाहून दचकू नकोस. दादा सध्या लिहू शकत नाही, म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी शिक्षिका असल्यामुळे घरातील अशी कामे माझ्याच वाट्याला येतात, हे तुला ठाऊक आहेच. तुझे पत्र त्याने वाचले होते. चुकीच्या माणसाबद्दलची ओळ त्याला आवडली नाही. त्याने पाटीवर लिहिले की माणूस चुकीचा नसतो.

तुझ्या बाबांना आता कसलाही त्रास नाही. तू काळजी करू नकोस. परीक्षा होईपर्यंत व्हिडिओ कॉल बंद ठेवावेत, असे आम्ही सर्वांनी ठरवले आहे. तू तिकडे रडतेस आणि इकडे वहिनी दिवसभर जेवत नाही. मोबाइल बाजूला ठेव आणि अभ्यास कर. दादाची तीच इच्छा आहे.

घरी पाहुणे आहेत, त्यामुळे थोडक्यात आटोपते. देवळात तुझ्यासाठी मेणबत्ती लावली आहे. आमच्यावरचा तुझा विश्वास असाच राहू दे.

तुझी,
आत्या

---

न्यूपोर्ट
३० ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
जय ख्रिस्त.

परीक्षा काल झाली. बरी गेली, निकाल यायचा आहे.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोबाइल बाजूला ठेवला होता. काल संध्याकाळी उघडला. जॉयलने त्याच्या बोटीचा व्हिडिओ टाकलाय, १५ तारखेचा, मागे गाणं लावलंय. त्याच्या बोटीच्या मागे गावातल्या सगळ्या बोटी आहेत. सगळ्या, एका रांगेत. मंगळवार होता, भर हंगाम, आणि त्या दिवशी वादळाचा इशाराही नव्हता, मी शोधून पाहिलं.

मी घरी फोन केला. ब्रायनने उचलला आणि माझा आवाज ऐकताच फोन आईकडे दिला. तेवढ्याने मला कळलं.

आत्या, तुम्ही लिहिलंत की त्यांना आता कसलाही त्रास नाही. वर्गात आम्ही खोटं बोललो की तुम्ही बाकावर उभं करायचात. मी तुमच्यावर रागावलेय आणि किती दिवस रागावणार आहे ते मला माहीत नाही.

आईशी फोनवर दोनदा बोलले. दोन्ही वेळा दोघी नुसत्या रडलो. मला एकच उत्तर हवंय आणि ते कागदावर हवंय: नळी कोण साफ करत होतं? घाण अडकून नळी बंद झाली का? तसं असेल तर ते माझ्यावर आहे. मी तिथे असते तर तसं झालंच नसतं. आईला लिहायला सांगा. तुम्ही लिहू नका.

क्रिस्टिना

---

पाचूबंदर
२ नोव्हेंबर २०२४

बाय क्रिस्टिना,

मी चौथी शिकलेली. हे माझं पहिलं पत्र आहे, चुकलं तर हसू नको. आत्या शेजारी बसली होती, मी तिला उठवलं.

आज सर्व मृतांचा दिवस. सकाळी ब्रायन आणि मी दफनभूमीत जाऊन फुलं ठेवून आलो. माती अजून ओली आहे. मग बसले लिहायला.

नळी मी साफ करत होते. तू ब्रायनला शिकवायचीस तेव्हा मी गॅसपुढून बघायची. बाबांनी आरशाचं लिहिलं ते खोटं, त्यांना ते जमायचं नाही. नळी बंद झाली नाही. तुझं काही चुकलं नाही आणि माझंही नाही. त्या सकाळी चहा झाला आणि गळ्यातून रक्त आलं. खूप आलं. मी हाताने दाबून धरलं. ब्रायन रिक्षा घेऊन आला, तोवर ते गेले होते.

आता जे सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली होती, ते सांगते. गाठ परत आली होती, नळीच्या बाजूलाच. जूनच्या शेवटी आम्ही तुला तुझ्या मैत्रिणीच्या, नॅन्सीच्या साखरपुड्याला नायगावला पाठवलं आणि मुंबईच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन नाही, काही महिने आहेत. बाहेर बाकावर बसून त्यांनी पाटीवर लिहिलं, तिचा हात लागला तर तिला कळेल, कळलं तर ती जाणार नाही. त्या दिवसापासून त्यांनी तुला हात लावू दिला नाही. दाराकडे पाठ करून बसायचे तेपण त्यासाठीच.

मी भांडले. म्हटलं, पोरीला सांगा, तिचा बाप आहात. पण मुक्या माणसाशी भांडायचं कसं? मी बोलायला लागले की ते पाटी पालथी घालून बसायचे. तू माझ्यासमोर बॅग भरत होतीस तेव्हा माझ्या तोंडाशी आलं होतं. मी तुझ्या बॅगेत सुक्या बोंबलांची पिशवी कोंबली.

गावाला आम्ही सांगितलं होतं, कोणी फोटो टाकू नका, पोरीची परीक्षा आहे. कोणी टाकला नाही. जॉयलने त्याची बोट तेवढी टाकली, त्याला वाटलं बोटीत काय कळणार. घर झाकलं, देऊळ झाकलं, समुद्र झाकायचा राहिला.

मी बरी आहे. जेवते. पाय जरा सुजतात, बाकी काही नाही. तू काळजी करू नको. आईवर रागव, पण बोलणं टाकू नको.

तुझी आई,
कमळी

---

न्यूपोर्ट
५ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
तुझ्या क्रिस्टिनाचा जय ख्रिस्त.

तुझं पत्र मिळालं. मी हसले नाही. तुझं अक्षर मी याआधी फक्त दुधाच्या कॅलेंडरवर पाहिलं होतं.

निकाल आला. मी पास झाले. बाबांनी बंदरावर वाचायला सांगितलं होतं, ते आता ब्रायनला सांगू नको. मला नको आहे.

मला त्यांचा फार राग आलाय आणि तो तुलाच सांगता येतो. माझ्या बोटांना कळेल, एवढं त्यांना ठाऊक होतं. तीन वर्षं ज्या हाताने मी त्यांचा गळा पुसला, त्याच हाताला ते घाबरले. मला विचारायला हवं होतं. मी थांबले असते, तेच मला हवं होतं. मी इथे अनोळखी माणसाची नळी साफ करत होते तेव्हा तू एकटी तिथे हाताने रक्त दाबत होतीस. तो निळा गणवेश कपाटात लटकतोय आणि मला तो अंगावर घालवत नाही. नोंदणी झाली की घालीन, घालावा लागेल.

बाबांच्या महिन्याच्या मिस्साला देवळात मी नसेन, रजा नाताळालाच मिळेल असं सांगितलंय. तू मिस्साला पुढच्या बाकावर बस. माझी जागा मोकळी वगैरे ठेवू नको, तिथे आत्याला बसव. तिला सांग, तिच्याशीही बोलेन, वेळ लागेल.

आता नीट वाच. पाय सुजतात म्हणजे कुठवर? नुसती पावलं की गुडघ्यापर्यंत? अंगठ्याने दाबलं तर खड्डा राहतो का? आडवं पडल्यावर दम लागतो का? उशा किती घेतेस? हे ब्रायनने बघायचं, तू नाही. दोन्ही पायांचे फोटो काढायला लाव, दिवसा, दारात बसून, मागे उजेड ठेवून नाही. सोमवारी त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जा आणि डॉक्टर जे म्हणतील ते सगळं मला लिही, तुझ्याच हाताने.

गॅसवर काही उतू जातंय असं मला पुन्हा सांगू नको.

नाताळला मी आले की आधी तुला दारातल्या उजेडात बसवणार आहे. पावलं, पाय, गळा, सगळं मी माझ्या हाताने बघणार आहे. तेव्हा माझा हात बाजूला करू नकोस, आई.

तुझी,
क्रिस्टिना