मागचे अंगण लव्हाळ्यांना

त्या सकाळी अंथरुणे काढली, पाणी भरले आणि धुणे घेऊन मागच्या दाराने नदीवर गेले, तर नदी निळी होती. म्हणजे ह्यांनी निळ्या रंगाची कढई ओतली होती. हे रंगारी. आदल्या दिवशी नदी लाल, त्याच्या आधी हिरवी. ह्यांचे काय चालले आहे ते मला नदीवरून कळे. त्या दिवशी मात्र मासे उलटे तरंगत होते. हे माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, हे आपलंच आहे."

त्यांची मी विधवा. पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. वाचायला रद्दीच्या कागदांवर शिकले; वकिली शब्द चुकला तर अर्थ धरावा.

राहते घर आणि बँकेतली ठेव मुलीला. जावयांनी त्यात नाक खुपसू नये. नाक लांब आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

कढया, भट्टी आणि रंगकामाची खोली धाकट्या दिरांना. रंगाचे पाणी मात्र मागच्या अंगणातल्या लव्हाळ्यांच्या खड्ड्यांतूनच सोडावे. ते मला सारखे म्हणतात, "वहिनी, खड्डे बुजवू, शेड घालू. पाइप सरळ नदीत सोडला तर कोण बघतंय?" भाऊजी, मी बघते आहे. तुमचे दादा पहिला खड्डा खणत होते तेव्हा तुमची कंबर धरली होती, तेही पाहिले आहे.

म्हणून मागचे अंगण, खड्डे आणि लव्हाळ्यांसह, नदी साफ करणाऱ्या काठावरच्या मंडळींना. पहिला खड्डा ह्यांनी खणला, बाकीचे मंडळींनी. रंगाचे पाणी एका खड्ड्यातून दुसऱ्यात, लव्हाळ्यांच्या मुळांमधून हळूहळू झिरपत जाते आणि साफ होऊन नदीला मिळते. अंगण कोणी विकू नये, बुजवू नये.

नदी निवळलेली बघायला हे राहिले नाहीत. आता तळ दिसतो, मासे परतले. शेजारणी म्हणतात, ह्यांच्या कष्टांचे सोने झाले. झाले खरे. तरी मागचे दार उघडले की मी अजून आधी रंग शोधते.

ह्यांचा कामाचा निळा सदरा न धुता पेटीत ठेवला आहे. तो कोणाला द्यावा ते ठरवता आले नाही.

साक्षीदार: शेजारचा नावाडी (सही), शाळेतल्या बाई (सही)
लिहून देणार: रंगाऱ्याची बायको (सही)
स्थळ: मागची पायरी. दिनांक: आठ फेब्रुवारी.

दुसऱ्या दिवशी मी तो सदरा पहिल्या खड्ड्यात धुतला, आणि शेवटच्या खड्ड्यातून पाणी नितळ बाहेर येईपर्यंत तिथे बसून राहिले.