हात स्थिर हवा

५ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आशीर्वाद.

तुला आपल्या कारखान्यातून काढल्याचं तुझ्या भाऊजींनी काल जेवताना सगळ्यांदेखत सांगितलं. हात थरथरणारा माणूस गिऱ्हाइकांपुढे शोभत नाही म्हणे. ज्या यंत्रहाताच्या सांधे हलवणाऱ्या सर्वो मोटारी तू वर्षभर खपून जुळवल्यास, तो मात्र शोभतो. षड्रिपूंपैकी क्रोधाला मी जन्मभर दाराबाहेर ठेवलं; काल आत बोलावून बसायला दिलं. हातात ओगराळं होतं, पण नवं होतं, म्हणून ह्यांचं डोकं वाचलं.

पुढच्या शनिवारी मोठे खरेदीदार येतायत. यंत्रहात नेहमीचा लोखंडी ठोकळा उचलून दाखवण्याऐवजी काचेच्या पेल्यातून त्यांना पाणी देणार. कल्पना ह्यांचीच. तू गप्प बसणार आहेस का?

रागासकट तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गप्पच बसणार आहे. मोटारी मी जड ठोकळ्याच्या हिशेबानं जुळवल्यात. हातात हलकी वस्तू आली की तोच जोर जास्त होतो; मोटार जागा चुकून पुढे जाते, मागे येते आणि हात लटपटतो. जोराचे आकडे बदलले की झालं. निघताना हेच सांगायला गेलो होतो. भाऊजींनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही, दार दाखवलं.

कपडे भिजतील, इजा कुणाला नाही. पण घर तुझं आहे. सांगायचं तर तू सांग. मी रागावणार नाही.

तुझा,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आशीर्वाद.

मी मौनव्रत धरलं आणि पहिल्या रांगेत बसले. यंत्रानं पेला उचलला नि हुडहुडी भरल्यासारखं कापू लागलं. निम्मं पाणी मुख्य खरेदीदाराच्या मांडीवर. त्यांनी शांतपणे विचारलं, याला ताप आहे का. ह्यांनी खिशातून रुमाल काढला, तेव्हा ह्यांचा हात यंत्राच्या वरताण थरथरत होता. माझं पोट भरलं.

खरेदीदारांनी आणखी एक संधी दिली आहे. काल जेवताना ह्यांनी ताटाकडे बघत मला सांगितलं, हात थरथरतो त्याचं काय करायचं ते धाकट्याला विचार. विचारलं.

उत्तर सगळ्यांदेखत वाचून दाखवीन.

ताई

१८ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

भाऊजींना नमस्कार सांग. हात थरथरत असेल तर कामावरून काढून टाकावं. पद्धत त्यांना ठाऊक आहे.

ओगराळं एव्हाना जुनं झालं असेल. माया असू दे.

धाकटा