गरम पाण्याची परीक्षा

प्रिय ताई,

आई बरी आहे, मीही बरा आहे. फ्रेमांच्या दुकानात आता काच कापायचं काम मालक मलाच देतात, कारण मी एका रेघेसाठी तीनदा पट्टी लावतो. त्यावरून त्यांनी माझं नाव 'मोजपट्टी' ठेवलंय. भाऊजी म्हणत होते, तुला आता काठी घेऊन जिना जमतो. ते ऐकून आई दिवसभर गुणगुणत होती.

तुला आठवतं, तुझ्या मल्टिपल स्क्लेरोसिसचं, ह्या नसांच्या आजाराचं, कोणालाच माहीत नव्हतं, तेव्हा तुझ्या डाव्या पायावर गरम चहा सांडला होता आणि तू टीव्हीकडे बघत हसतच राहिलीस? आई ओरडली तेव्हा कुठे तू खाली पाहिलंस. मी तेव्हा शाळेत होतो. ते माझ्या मनातून गेलंच नाही. मागच्या खेपेला दवाखान्यात तू तपासून बाहेर गेल्यावर मी तुझ्या डॉक्टरांना हळूच विचारलं, हा आजार भावाला होतो का. ते म्हणाले, "सख्ख्या भावंडांत शंभरात दोघा-तिघांना. बाकीच्यांना नाही. शांत झोप." पण ताई, हजारात एखाद्यालाही होत नाही म्हणतात, तरी त्याने आपलंच दार शोधलं. मग शंभरात दोन-तीन म्हणजे काय थोडे झाले?

गेल्या महिन्यात दुकानात उभ्याउभ्या माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. उभ्याने काम करणाऱ्या सगळ्यांनाच येतात. पण मी रोज आंघोळीला दोन्ही पायांवर गरम पाणी ओतून बघू लागलो. चटका बसायचा, पण उजव्याइतकाच की किंचित कमी, ह्याचा निकाल लागेना. मग पाणी आणखी गरम. एके दिवशी तोंडात टॉवेल कोंबावा लागला, डाव्या पायावर हा एवढा फोड आला. मी मोजे चढवले आणि लंगडत दुकानात गेलो. मालक म्हणाले, "काय मोजपट्टी, एका बाजूने वाकलास का?" सगळे हसले, मीही हसलो.

आई हसली नाही. संध्याकाळी येतो तो न्हाणीघरात तुझ्या वेळची रबरी चटई अंथरलेली. फोड तिने पाहिलाच नव्हता, फक्त चाल पाहिली होती. पण चटई बघून मला वाटलं, मला न दिसणारं काहीतरी तिला दिसलंय. तुझ्या वेळीही तिलाच आधी दिसलं होतं. मी आणखी जपून पाय टाकू लागलो. ते बघून तिने भिंतीला धरायची दांडी बसवून घेतली. दोघं एकमेकांकडे बघून खचत होतो आणि जेवताना फक्त मीठ कमी आहे का, एवढंच बोलत होतो.

शेवटी मीच म्हणालो, आई, चल डॉक्टरांकडे. त्यांनी टाचणी टोचली, गुडघ्यावर हातोडी मारली, डोळे मिटून उभं केलं, मग मोजा काढायला लावला. फोड बघून म्हणाले, "भाजलं ते कळलं ना? मग पायाला सगळं कळतंय. मुंग्या दिवसभर गेल्या नाहीत किंवा डोळ्याला अंधुक दिसलं, तर ये. आणि पाणी जरा कोमट घे, बाबा."

दवाखान्याच्या पायरीवरच आई रडली, मग आम्ही दोघांनी आइस्क्रीम खाल्लं. खाता खाता ती म्हणाली, "ताईला ह्यातलं काही कळवू नकोस. तिला काय वाटेल?" मी हो म्हणालो. पण ताई, भीती अजून गेलेली नाही. सकाळी माझ्याआधी ही भीती उठलेली असते. आणि आनंद म्हणशील तर इतका झालाय की लाज वाटते. आपल्या घरात ह्या दोन्ही गोष्टी कळणारं माणूस एकच, तू, आणि तुझ्यापासूनच लपवायचं ठरलंय. मला ते जमणार नाही. पुढच्या सुट्टीला मी तुझ्याकडे येतोय. तू हस, रागाव, वाटलं तर रड, पण "मला काही झालेलं नाही" हे एकदा मला तुझ्यासमोर मोठ्याने म्हणू दे.

तुझाच,
धाकटा