तीनचा दगड

१२ जानेवारी २०२५, रविवार

एक मिनिट. फक्त एक मिनिट धावले आणि कडुनिंबाला धरून उभी राहिले! पोलीस भरतीत जिल्ह्याच्या पोरींना मागे टाकणारी हीच का ती मी? पस्तिशीत वजन अठ्ठ्याहत्तर. शुगर आहेच. डॉक्टर म्हणाले, आता हलला नाहीत तर इंजेक्शन सुरू करू.

पोलीस ठाण्यातल्या शिपाई मिथुनने मोबाइलवर नवशिक्यांचा कार्यक्रम टाकून दिलाय. नऊ आठवडे. सुरुवातीला एक मिनिट धावायचं, दीड मिनिट चालायचं, असं आठदा. "मॅडम, चोर पळाला का तुमालेच घाम येऊन राह्यला," म्हणतो मेला.

बदली घेऊन माहेरी आले, त्याला वर्ष होईल. इथून धावायला रस्ता एकच — पोंभुर्ण्याकडे जाणारा, जंगलातला. तो टाळता येईल तेवढा टाळला.

१४ जानेवारी

पोटऱ्या भरून आल्यात. पायरी उतरताना आईचा हात धरावा लागला. ती हसली. मी नाही.

२३ जानेवारी

आईची कटकट — "काऊन धावून राह्यली व त्या रस्त्यानं? वाघ फिरते तिकडे. आणखी तूच!" वाक्य अर्धंच टाकून बुद्धवंदनेला बसली.

ऊन चांगलं वर आल्यावरच निघते. आज किलोमीटरचा पहिला, एकचा दगड गाठला. आणि तोंडातून आपसूक निघालं — "एक!"

मग उभी राहिले. कशाची वाट बघत होते, मला माहीत आहे. पळसावर एक पाखरू ओरडलं, तेवढंच.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहूनच टाकते. चौदा वर्षं लिहिलं नाही.

ललिता आणि मी. २०११. दोघींना भरती काढायची होती. अंधार फिटला की निघायचो, गावापासून पाचच्या दगडापर्यंत आणि परत. नियम तिनेच केला होता. मागे वळून बघायचं नाही, वेळ जातो. पुढची दगडाजवळ पोचली की आकडा ओरडणार, मागचीने त्याच्या पुढचा आकडा ओरडायचा. "एक!" — "दोन!" म्हणजे, आहे मी, धाव तू.

पुढे बहुतेक मीच. ती कधी मुद्दाम उशिरा उत्तर द्यायची, मला घाबरवायला. माझी पावलं अडखळली की मागून खो-खो हसायची. खिशात भाजलेले चणे. धावताना चणे खाणारी मी दुसरी पाहिली नाही.

४ फेब्रुवारी

मोबाइलमधली बाई हिंदीत सांगते, "अब दौड़िए." मी धावते. माझ्या बुटांमागे आणखी दोन बूट वाजतात. थांबले की तेही थांबतात. दगडी भिंत असती तर म्हटलं असतं, आवाज आदळून परत येतोय. इथे तर दोन्ही बाजूंना साग.

१६ फेब्रुवारी, रविवार

सलग आठ मिनिटं! दोनचा दगड. ओठ घट्ट मिटून धरले, तरी आतून "दोन" निघालाच.

चौदा वर्षांपूर्वी, त्या दिवशी इथवर सगळं ठीक होतं. "दोन!" — "तीन!" अगदी खणखणीत. मग तीनचा दगड आला. मी ओरडले, "तीन!" उत्तर नाही. वाटलं, नाटकं करतेय. घड्याळ बघितलं — माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ लागणार होती. मी धावत राहिले. पाचपर्यंत गेले, परत फिरले, तीनच्या दगडावरून पुन्हा गेले. रस्ता रिकामा. वैतागून घरी गेली असेल, असं ठरवून टाकलं.

गावात तिची आई, मंगलीबाई, दारातच उभी. "माही ललिता कुठी हाय व?"

आणि मी म्हणाले — दोनच्या दगडावरूनच परत फिरली, पाय दुखतो म्हणाली.

काऊन म्हटलं मी तसं! उत्तर आलं नाही तरी थांबले नाही, हे सांगायची लाज वाटली. एवढंच. गाव काठ्या घेऊन दोनच्या अलीकडचं जंगल पालथं घालत राहिलं. दोन तास. शेवटी मंगलीबाईलाच सापडली. तीनच्या दगडाजवळ, रस्त्यापासून वीस पावलांवर. गाव पोचलं तेव्हा सगळं संपलं होतं.

वाघाच्या तोंडी सापडलेलं माणूस जागीच जातं, सगळे म्हणाले. मी त्याच वाक्यावर जगले. नोकरी लागली. धावण्यातल्या त्याच वेळेवर.

२ मार्च, रविवार

आठवडाभर धावले नाही. ताप नाही, काही नाही. भीती.

परवा ठाण्यात एका बाईचा जबाब लिहिला. वाचून दाखवला — "माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे." तिने अंगठा दिला. ललिता गेली तेव्हाच्या जबाबात त्याच वाक्याखाली माझी सही आहे, २०११ ची. रोज दुसऱ्यांना दरडावते, खरं बोला म्हणून!

११ मार्च

तीनचा दगड लांबून दिसला. शेजारी गोट्यांचा ढीग. वाघाने माणूस नेलं त्या जागी येणारा-जाणारा एक गोटा ठेवतो, इकडची रीतच आहे. कमरेइतका झालाय. त्यात माझा एकही नाही. एवढी वर्षं बसनेच गेले, दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसून.

परत फिरले. कार्यक्रम म्हणाला, "बहुत अच्छे." गप्प बस बाई!

२३ मार्च, रविवार

पंचवीस मिनिटं, न थांबता. हातात गोटा घेऊन धावले. तळवा खरचटला.

ढिगाशी कोणीतरी वाकलेलं. मंगलीबाई! मोहफुलं वेचत होत्या, टोपली अर्धी भरलेली. सोबतच्या बाया थोड्या आत. मंगलीबाई पार वाळून गेल्यात.

"कोण व्हय? संघप्रिया? लय जाडी झाली व पोरी."

गोटा ठेवला. आणि सांगितलं, उभ्या-उभ्या, धापा टाकत. "मावशी, मी खोटं बोलली होती. ती दोनवरून परत नाई फिरली. मी मागं पाह्यलंच नाई."

त्या फुलं वेचत राहिल्या. ओंजळ टोपलीत रिकामी करून म्हणाल्या, "मले मालूम हाय. रस्त्याच्या कडेले फुफाट्यात दोघीइचे बूट उमटले होते, तीनपावतर. सारे तिकडे गेले, मी इकडे आली."

चौदा वर्षं! "मग बोलल्या काऊन नाई?"

"तू सांगशीन म्हटलं." टोपली डोक्यावर घेतली आणि बायांच्या मागे गेल्या.

घरी येऊन खूप रडले. हलकं वाटलं, हे कबूल करते. आता झोप लागेल.

२५ मार्च

सकाळी बूट बांधत होते. मंगलीबाई दारात. आत आल्या नाहीत, पाणीही घेतलं नाही.

"एक इचारायचं राह्यलं. मी पोचली तवा जीव होता तिच्यात. कोणाले सांगतलं नाई मी. मांडीवर डोकं घेतलं. मले ओयखलं नाई तिनं. एकच म्हने, दोनदा — 'चार... चार.' मंग गेली. चार काय व, पोरी? तुले मालूम हाय?"