हैदराबादच्या मशीनवर आमचे गाव

३ मार्च १९९८

आज चार घरे झाली. चार! गाव दोनशे बारा घरांचे आणि दिवस उरले अठ्ठावीस.

बेल्याच्या कॅम्प ऑफिसात मला खुर्ची मिळाली तेव्हा बोरखडीभर केवढा गवगवा — सोजरबाईचा मारोती कंप्युटरवर बसला! आता तीच माणसे सकाळी नऊपासून रेशन कार्ड धरून भिंतीला टेकून बसतात आणि माझ्याकडे बघतात. मी टेलिफोनकडे बघतो. हैदराबाद लागायला पाऊण तास. लागले की मोडेम किंचाळतो, मग पडद्यावर तिथल्या मशीनचा फॉर्म उघडतो. इथे दाबलेले अक्षर तिथे उमटते. माझ्यासमोरच्या डब्यात काहीच राहत नाही. फॉर्म अर्धा भरला आणि लाइन तुटली, की गेले सगळे. पुन्हा पहिल्यापासून.

प्रयागबाईचे घर आज तीनदा भरले, तिन्ही वेळा गेले. म्हातारीने कार्ड पदरात बांधले. उठताना एवढेच म्हणाली, "उद्या येऊ का रे बाबा, का परवा येऊ?" नऊ कोस जाऊन-येऊन. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

५ मार्च

लिहून काढतो, म्हणजे डोके ठिकाणावर राहील.

पैनगंगेच्या अलीकडचे आमचे गाव मराठी, पण सरकार हैदराबादचे. पावसाळ्यात धरणाचे पाणी बोरखडीत येणार. एकतीस मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत ज्याचे नाव हैदराबादच्या मशीनवर, त्याला नव्या गावठाणात जागा आणि शेत. ज्याचे नाही त्याला काहीच नाही. नंतर दुरुस्ती नाही, अर्ज नाही. कॅम्प ऑफिसच्या साहेबांनी सरकारी कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला.

गेल्या वर्षी कागदावर यादी झाली होती. बाहेरगावचा कारकून आला, पुरुष सगळे शेतात, घरी बाया. तो विचारी, नवऱ्याचे नाव काय? आमच्या बाया कशाला सांगतील! एकीने दिराचे सांगितले, एकीने पोराचे. लिंबाजीच्या बायकोने अंगणातल्या लिंबाकडे बोट दाखवले. त्याने जे कानी पडले ते तेलुगूत लिहिले. रेशन कार्डाशी एकही घर जुळेना. यादी रद्द. आता घरातले माणूस समोर बसवून, कार्ड बघून, वाचून दाखवून भरायचे. काम माझे.

९ मार्च

तीन घरे. दुपारी दोन ते पाच लाइनच नव्हती.

मी साहेबांना म्हटले, गावात जाऊन कागदावर लिहून आणतो. ते म्हणाले, "मारोती, कागज का तमाशा एक बार देख लिया. फिर भी लाएगा, तो टाइप किधर करेगा? इसी लाइन पे ना?" खरेच. कागद आणला तरी माझी बोटे हैदराबादच्याच तावडीत. एका घराला लाइन चांगली असली तर वीस मिनिटे लागतात. आणि लाइन चांगली कधी असते?

आजपर्यंत एकतीस. हिशेब केला, झोप उडाली.

११ मार्च

चंपतराव पाटील चावडीत सगळ्यांसमोर म्हणाले, "पोट्ट्याला खुर्ची भेटली, आपल्याले काय भेटलं?" कुणी माझ्या बाजूने बोलले नाही. मीही नाही.

१३ मार्च

नागपूरला फोन केला. उद्धवदादा तिथल्या एका कॉलेजच्या कंप्युटर लॅबमध्ये आहे, माझा मामेभाऊ. रडायचे नव्हते, रडलो. तो म्हणाला, "गप. काय काय होऊन राह्यलं ते सांग, हळू." सांगितले. त्याने दोन-चार प्रश्न विचारले. मग म्हणाला, "मी येतो."

१६ मार्च

दादा आला. रेक्झिनच्या पिशवीत कॉलेजचा जुना लॅपटॉप — झाकणाला तडा गेलेला, वजन पायलीभर ज्वारीचे. त्यात त्याने लिनक्स नावाची सिस्टिम टाकली आहे, मासिकासोबत आलेल्या सीडीवरून. मला वाटले, हैदराबादच्या फॉर्मची नक्कल दाखवील. त्याने काळा पडदा दाखवला आणि पांढरी अक्षरे. मी म्हटले, हे काय? तो म्हणाला, "तुह्या हैदराबादेत जे मशीन हाय ना, त्याच जातीचं हे. फक्त लहान. यात फोन नाही लागत. जे हाय ते याच्याच पोटात."

मग त्याने माझे कामच मला सांगितले. म्हणाला, तू रोज लोकाच्या घरात खिडकीतून हात घालून सैपाक करून राह्यला. खिडकी लागली की हात बाहेर. आपली चूल आपल्या गावात मांडू. सैपाक झाला की एकदाच नेऊन वाढू.

म्हणजे असे — लॅपटॉप घेऊन दारोदार जायचे, नावे तिथेच भरायची, वाचून दाखवायची. शेवटी तोच लॅपटॉप फोनला जोडायचा. दादा असा प्रोग्राम लिहिणार की मशीन स्वतःच हैदराबादचा फॉर्म उघडेल आणि एकामागून एक घरे भरील. एका घराला दोन मिनिटे. लाइन तुटली तर जिथे थांबले तिथून पुढे.

साहेबांना पटेना. त्यांचे म्हणणेही वेडे नव्हते. "देखो, उधर एक मशीन, एक लिस्ट. आज तुम एक लिस्ट जेब में लेके घूमेगा, कल दूसरा घूमेगा. झगड़ा हुआ तो कौनसी लिस्ट सच्ची?" दादाने पुन्हा पहिल्यापासून समजावले. शेवटी साहेब म्हणाले, हैदराबादच्या फॉर्ममध्ये जे पडेल तेच मी मानणार. बाकी तुम्ही झाडावर बसून भरा.

१७ मार्च

बोरखडीत पहिला दिवस. एकोणतीस घरे! एका दिवसात!

बाया नाव घेईनात, म्हणून मला युक्ती सुचली. म्हटले, सरळ नाही सांगत तर उखाण्यात घ्या. प्रयागबाई पदर तोंडाला लावून हसली. साठीची बाई — भगवंतराव नवऱ्याचे नाव म्हणून देवालाही भगवंत म्हणत नाही, "वरचा" म्हणते. मग एकदम म्हणाली:

पऱ्हाटीच्या बोंडात कापूस पांढरा,
भगवंतरावांचं नाव घेते, लिहून घे लेकरा.

दादाने टाइप केले, मी वाचून दाखवले. ती म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचले. तीन वेळा गेलेले घर एकदाचे लागले. मग काय, ओटाभर बायांची रांग. कुणाच्या लग्नालाही एवढे उखाणे झाले नसतील.

बॅटरी दीड तास चालते. मग पिठाच्या गिरणीत चार्ज करायची. गिरणीवाला उद्धट आहे पण वीज देतो.

२० मार्च

वीज गेली. दिवसभर नाही आली. सहा घरे.

२१ मार्च

लॅपटॉप सुरूच होईना. आतून टक्टक् आवाज. दादाचे तोंड पांढरेफटक. उन्हाने तापला असेल म्हणून त्याने तो माठाशेजारी ठेवला, ओल्या फडक्याने झाकला. मी बाहेर जाऊन बसलो. सगळे आमचे एकाच डब्यात! हैदराबादेत तरी कुणी सांभाळले असते. इथे मी आणि एक ओले फडके. आईने भाकरी आणून ठेवली, खाल्ली गेली नाही.

संध्याकाळी सुरू झाला. दादाने लगेच सगळे फ्लॉपीवर उतरवले. 

२४ मार्च

एकशे अठ्ठावन्न. उरलेली पन्नासेक कुटुंबे ज्वारी काढायला पैनगंगेपलीकडे गेली आहेत. निरोप धाडले.

२७ मार्च

चंपतराव पाटील स्वतःच्या बैलगाडीने पलीकडे गेले आणि गाडी भरून माणसे घेऊन आले. उतरताना मला म्हणाले, "आता भर." एवढेच. मी त्यांना पाणी दिले. आमचे भांडण मिटले.

२९ मार्च

काल पाडवा, आज रविवार. ऑफिस बंद. गावात सगळी घरे भरून झाली. दोनशे अकरा, आणि आमचे घरचे. आता फक्त वाढायचे.

फक्त!

३० मार्च

सकाळपासून लाइन नाही. लॅपटॉप फोनला जोडून बसलो. दर पाच मिनिटांनी मशीन आपणहून नंबर फिरवते, नंबर लागत नाही. फिरवते, लागत नाही. तीन वाजता लागला. चौतीस घरे गेली — ऑफिसातून आधी भरलेली बावन्न धरून शहाऐंशी — आणि तुटला. साहेब खुर्ची ओढून शेजारी बसले. संध्याकाळी म्हणाले, "कल सुबह सात बजे खोलता हूँ ऑफिस. मेरे पास चाबी है." ते घरी गेले तेव्हा मी टेबलावर डोके ठेवून बसलो. माझ्यामुळे एक घर राहिले तर? दहा राहिली तर? कुणाला काय तोंड दाखवू?

३१ मार्च

सातपासून बसलो. अर्धे गाव ऑफिसाबाहेर. आई पण आली, बैलगाडीत बसून.

दादाने यादी पुन्हा लावायला घेतली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुह्यं घर वर घेतो. आत्ता. बाकीचे मागून." मी हो म्हणणार होतो. खरे लिहितो — हो म्हणणार होतो. आई दारातच उभी होती, तिने ऐकले. म्हणाली, "काऊन रे? घरचे लोक शेवटच्या पंगतीत बसत असतात. आधी गाव जेवू दे." बाहेरच्या बायांनी माना हलवल्या. प्रयागबाई म्हणाली, "सोजरा तशीच हाय." दादाने माझ्याकडे बघितले. मी म्हटले, राहू दे. शेवटी टाक.

साडेनऊला लाइन लागली, वीस घरे. तुटली. साडेअकराला लागली, एकोणचाळीस. एक वाजता तुटली ती पावणेतीनला लागली. त्यानंतर मी घड्याळ बघणे सोडले. मशीन स्वतः भरत होते, मी नावे मोठ्याने वाचत होतो आणि बाहेर ज्याचे त्याचे घर उठून उभे राहत होते. एकशे साठ. एकशे नव्वद. दोनशे. साहेबांच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली. दोनशे सात. दोनशे दहा. दोनशे अकरा — चंपतराव पाटील. मग दोनशे बारा, सोजरबाई नागोराव. पडद्यावर आले: पाठवले २१२. तेवढ्यात मोडेम गप्प झाला. भिंतीवरच्या घड्याळात पाच.

साहेबांनी मला मिठी मारली! त्यांच्या तोंडून पहिल्यांदा मराठी ऐकले — "झालं, झालं."

१ एप्रिल

दादा नागपूरला गेला. लॅपटॉप मे महिन्यापर्यंत ठेव म्हणाला, काही विचारपूस झाली तर लागेल. बारा तास झोपलो. आईने पुरणपोळी केली, पाडव्याला करायची राहिलेली.

७ एप्रिल

चंपतराव नवे गावठाण बघून आले. म्हणतात, माळ आहे पण विहिरीला पाणी लागेल. आईने तुळशीचे रोप आत्ताच एका डब्यात काढून ठेवले आहे. मी म्हटले, अजून दोन महिने आहेत. म्हणाली, "मुळं धरू दे."

१५ एप्रिल

यादीचा पत्ता नाही. साहेब म्हणतात, आज-उद्या.

२० एप्रिल

यादी आली. दोनशे अकरा घरे. तीनदा मोजली. साहेबांनी माझ्यासमोर हैदराबादला फोन लावला. तिकडून सांगितले, शेवटचा फॉर्म उघडला होता, भरून झाला नव्हता, पाच वाजता मशीन बंद झाले. आमचे मशीन "पाठवले" म्हणाले होते. त्यांच्या मशीनला मिळाले नाही. साहेब बराच वेळ फोनवर भांडले. मग रिसीव्हर ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी आलो. आई ओट्यावरच होती. "आपलं नाव हाय ना?"

मी लॅपटॉप काढून तिच्यासमोर ठेवला, सुरू केला आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. सोजरबाई नागोराव, बोरखडी. दोनशे बारा.

तिने पडद्याला हात लावून कपाळाला लावला. "शेवटी का असेना, हाय ना?"

हाय, म्हणालो.