व्याह्यांच्या दुकानातली गोळी

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (या खेपेस खरोखरच जमिनीवर पालथं पडून घातला आहे, असं समज). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? आम्ही सारे प्रकृतीने ठीक आहोत. अब्रूचं तेवढं सांगता येत नाही.

मागे वाचनालयात परिसंवाद झाला. नको असलेलं गर्भारपण टाळायची ती तातडीची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळावी का? मी 'मुळीच नाही'च्या बाजूने टेबल बडवून बोललो. (गोळीबद्दल अक्षर वाचलं नव्हतं, आवाज खणखणीत आहे, एवढ्यावर मला बोलावलं होतं.) समोर आपले होणारे व्याही, औषधाच्या दुकानाचे मालक. ते शांतपणे म्हणाले, गोळी सुरक्षित आहे, फार तर मळमळ होते. पण उशीर होईल तसा तिचा उपयोग कमी होतो, तेव्हा चिठ्ठीसाठी बायकांना ताटकळत ठेवू नका. टाळ्या मात्र मला पडल्या.

पुढच्याच रविवारी मला ती गोळी हवी झाली. (कोणासाठी ते पुढे येईल. या वयात लिहितानाही कान तापतात.) दवाखाने बंद, उघडं दुकान एकच, व्याह्यांचं. मी आधी कापूस घेतला, मग खोकल्याचं औषध, मग गुडघ्याचं मलम, आणि शेवटी गोळीचं नाव पुटपुटलो. त्यांनी चिठ्ठी मागितली नाही. चेहरा तेवढा उतरला. माझी लेक, म्हणजे त्यांची होणारी सून, आदल्याच दिवशी सुट्टी संपवून नोकरीच्या गावी गेली होती. "लग्न तोंडावर आलंय, पोरांना एवढाही धीर धरवेना?" म्हणाले. आणि ताई, मी मान खाली घालून गोळी उचलली नि निघालो.

त्यांनी घरी जाऊन मुलाची बिनपाण्याने केली. मग लेकीचा रडत फोन. "बाबा, तुम्ही तरी त्यांना सांगा ना, असं काही नाही म्हणून!" ही आतून विचारत होती, कोणाचा फोन? मी म्हटलं, चुकून लागला. आणि ठेवून दिला. पोटच्या पोरीचा फोन ठेवला, ताई. गोळी तुझ्या भावजयीसाठी होती, एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघेना. याची मला फार लाज वाटते.

तोंड लपवून बसलेला,
तुझा धाकटा

ता. क. लग्न तू जुळवलंस, तेव्हा व्याह्यांना खरं काय ते तूच जाऊन सांग. शक्यतो मी गावात नसताना.

आणखी एक ता. क. थांब, जाऊ नकोस. हिने पत्र वाचलं, चपला घातल्या आणि व्याह्यांच्या दुकानात भर गिऱ्हाइकांत सगळं सांगून आली. (गोळीने तिला साधी मळमळही झाली नव्हती, चक्कर मला आली.) व्याह्यांनी लेकीची माफी मागितली. मग मीही तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, वाचनालयात तर तुमचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता."